पान सव्वीसवरचं स्टूल

मी काय काम करते, हे नागपुरात माझ्या घरच्यांनाही नीट समजलेलं नाही. बाबा लोकांना सांगतात, "खुर्च्यांचं काहीतरी करते." मी त्यांना दुरुस्त करत नाही. मी सहसा कोणालाच दुरुस्त करत नाही. कामाची जागा काम करणाऱ्याच्या अंगाला जुळवून देणं, हा खरं तर माझा व्यवसाय.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं नरखेडकडच्या एका संत्र्यांच्या शेडमध्ये. तिथे बाया जमिनीवर बसून, वाकून संत्री निवडायच्या. मी टेप घेऊन दोन दिवस सगळ्यांच्या कोपरांची उंची मोजली आणि इंग्रजीत जाडजूड रिपोर्ट दिला. उंच टेबल करा. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांना स्टूल द्या.

महिन्याभराने बघायला गेले. टेबल सुरेख झालं होतं. मी त्याचे फोटो काढत असताना शेडचे मालक शेठ सगळ्यांत वयस्क मावशींना म्हणाले, "उभं राहणं होत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

मावशी सरळ माझ्याकडे आल्या. "काहून वं पोरी, माह्या गुडघ्याचं तुह्या कागदात नाही का?"

"आहे ना. मी शेठना ईमेल करते."

"तो काय तिथं उभा आहे. दहा पावलं."

ती दहा पावलं मी वाक्य जुळवत चालले, तेही आधी इंग्रजीत. तोंडातून निघालं एवढंच : "स्टूल. लिहिलं होतं मी. पान सव्वीस."

"मॅडम, सव्वीसपर्यंत कोण वाचते? आम्ही पहिल्या पानावरचा फोटो पाह्यला. त्यातली बाई उभी होती."

फोटो मीच निवडला होता, तिचा पाठीचा कणा छान सरळ दिसतो म्हणून.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पण मावशींना बसूनच काम करू द्या."

"बसू द्या. क्रेट मात्र बाकीच्यांइतकेच भरले पाहिजेत."

मी कोपरं, गुडघे, पाठी सगळं मोजलं होतं. दिवसाला किती क्रेट भरायचे हे कोण ठरवतं, ते विचारायचं सुचलंही नव्हतं. आताही मी फक्त "थँक्यू" म्हणाले.

मावशींनी दोन रिकामे क्रेट एकावर एक पालथे घातले, वर पोतं टाकलं आणि बसल्या. मी सवयीने टेप काढला.

"आता मोजू नको वं, बसली ना मी. हात लाव इकडे."

मी हात लावला. बराच वेळ मी लहान संत्री मोठ्यांत टाकत होते, आणि मावशी ती उचलून परत लहानांत ठेवत होत्या.