नवऱ्यांना कोर्टात आठवणारा धर्म

अमरावतीत नवरा-बायकोच्या केसेस चालवणाऱ्या वकील बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी ऑफिसात येतात आणि खुर्ची ओढून बसतात. बहुतेक नवरेच असतात. जन्मात कधी देवळात किंवा मशिदीत न फिरकलेला माणूस बायको नकोशी झाली की धर्माचा पंडित होतो. मला तर आता असल्या धार्मिक माणसांची शिसारी येते.

*

परवा एक इंजिनियर आला. पहिली बायको घरी, दुसरी ठरलेली. "मॅडम, मुसलमान झालो तं दोन चालतात ना?"

म्हटलं, "नाही चालत. पहिलं लग्न तसंच राहतं. जेलात जाल."

त्याचं तोंड उतरलं. "मंग हे दाढी काढून टाकू का?"

*

अचलपूरच्या एकाने रागात बायकोला व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहून पाठवला. हा आता गुन्हा आहे हे कळल्यावर मेसेज डिलीट केला नि माझ्याकडे धावला. "मॅडम, ब्लू टिक आलीच नव्हती."

ब्लू टिक बायकोने बंद करून ठेवली होती. स्क्रीनशॉट केव्हाच पोलीस ठाण्यात पोचला होता.

*

अकोल्याचा एक कापडवाला तर या सगळ्यांचा बाप. पहिली असताना दुसरी केली. पहिलीने केस टाकली तर म्हणतो, दुसरं लग्न झालंच नाही, सप्तपदीत सहाच पावलं टाकली. तीही वकिलाला विचारून!

हे दुसरीला भर कोर्टात कळलं. ती त्याला म्हणाली, "मंग सातव्या पावलाले पाय मुरगळला म्हनून तुमी खाली बसले होते, ते नाटक होतं का?"

*

सुनीता माझी अशील. बौद्ध घरातली. नवरा शाळामास्तर. इतकी वर्षं संसार करून घराबाहेर काढली. तिने पोटगी मागितली तर मास्तर कोर्टाला सांगतो, आमच्या लग्नात सात फेरे झाले नाहीत, सबब ही माझी बायकोच नाही. बौद्धांचं लग्न त्यांच्या रीतीने लागलं तरी कायद्याला चालतं, हे या शिकलेल्या माणसाला ठाऊक नसेल? सुनीता माझ्यासमोर रडली. "पोटगी गेली खड्ड्यात, मॅडम. मी बायकोच नोती म्हनते हा."

साक्षीला त्याने स्वतःची आई आणली. त्याच्या वकिलाने विचारलं, "आजी, लग्न कसं लागलं?"

"वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले."

"फेरे?"

"नाही."

वकील खूश झाला. मास्तरही हसला. म्हातारी पिंजऱ्यातून उतरेना. जजसाहेबांकडे वळून म्हणाली, "सायेब, याच्या बापासंगं माह्यं लगन बी असंच लागलं. मंग हा कोनाचा, ते इचारा याले."