निम्मं आटवलेलं पाणी

शिवणकाम करणाऱ्या आमच्या शेजारीणकाकूंना सगळी गल्ली ‘उकळीकाकू’ म्हणायची. मशीन थांबवून त्या हातपंपाचं पाणी उकळायच्या, तेही पातेल्यात निम्मं उरेपर्यंत. मी चिडवायचे, “काकू, पाण्याचा पाक करताय का?”

“हस बाई. नातीला आई नाही. तिच्या पोटात कच्चं पाणी जाऊ द्यायची नाही मी.”

सात वर्षांची ती पोर तरीही सुकत चालली. तळहात खरखरीत झाले, पाठीवर काळे डाग उठले. काकू आणखी आटवू लागल्या.

काल पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. “गल्लीच्या पंपात कीटकनाशकांच्या कारखान्यातलं आर्सेनिक उतरलंय.”

“मग अजून उकळते!” काकू उठल्याच.

“आजी, उकळून जंतू मरतात, हे विष मरत नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. निम्म्या पाण्यात ते दुप्पट कडक होतं.”

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कुंपणानंच शेत खाल्लं गं.”

मी त्या बाईंना विचारलं, “दुसरं पाणी?”

“टँकर मागितलाय. महिना तरी लागेल.”

तेवढ्यात नात शाळेतून आली. दप्तर टाकत म्हणाली, “आजी, पाणी.”

काकूंनी सवयीनं पेला भरला, पुढे केला आणि मागे ओढला. आजी खेळतेय असं वाटून पोर खुदकन हसली आणि तिनं दोन्ही हातांनी पेला धरला. काकू तो सोडेनात.

“दे ना गं आजी, तहान लागलीय.”