बाळसं धरलेल्या खुर्च्या

मावशी गेली तेव्हा तिची मोठी कात्री माझ्याकडे आली. कात्रीबरोबर तिचा संतापही आला, असं घरात म्हणतात. म्हणोत बापडे. संताप माझा मूळचाच आहे, तो वारशाने घ्यायची मला गरज नव्हती.

मावशीचं आणि काकांचं दुकान गोदीच्या फाटकासमोर होतं. सोफे, खुर्च्या, पलंगांच्या पाठी, जे आणाल त्याला कापड चढवून मिळे. पण दुकानाचा खरा जीव अडकला होता एका पांढऱ्या जहाजात. लोकांना समुद्रावर सहलीला नेणारं ते जहाज दर काही वर्षांनी दुरुस्तीला यायचं. गोदीतलं पाणी उपसलं की ते ठोकळ्यांवर उघडं पडायचं, आणि पोटाला चिकटलेल्या शिंपल्यांचा वास थेट आमच्या दुकानात शिरायचा. बाहेर खरवडणारे आणि रंगारी. आत वायरमन, नळवाले, गालिचेवाले आणि आम्ही. छत उतरवलेलं, भिंतींच्या फळ्या काढलेल्या, जिन्यावर पुठ्ठे अंथरलेले. एरवी जिथे बँड वाजायचा तिथे दिवसभर ड्रिल मशीन कोकलायचं. मला तो गोंगाट फार आवडायचा. आजही तो आठवला की घर उगाच शांत वाटतं.

दुकानात मावशीचा कायदा एकच. जुनं कापड लाकडापर्यंत उतरवायचं, पिन न् पिन उपटायची, मगच नवं चढवायचं. गोदीतली मुदत नेहमीच तुटपुंजी, त्यामुळे बाकीचे कारागीर जुन्यावरच नवं ताणून मोकळे व्हायचे. आमच्याकडे कुणी तसं केलं की मावशी त्याची बिनपाण्याने करायची. "आंघोळ न करता इस्त्रीचे कपडे चढवलेस होय रे?" असं सगळ्यांदेखत विचारायची. मीही ते एकदा ऐकलंय, आणि दोन वेळचं जेवण गेलं नव्हतं मला.

काका डावरे होते. खुर्चीच्या पाठीची शेवटची शिवण हातानेच घालावी लागते, आणि त्यांचे टाके सगळ्या जगाच्या उलट बाजूला कललेले यायचे. मावशी चिडवायची, "तुमचे टाके भलत्याच कुशीवर झोपतात." काका सुईवरची नजर न काढता म्हणायचे, "उसवत नाहीत ना?" जहाज नवं कोरं होतं तेव्हा जेवणघरातल्या सगळ्या खुर्च्या या दोघांनीच केल्या होत्या. हिरवं कापड तिने बेतलं आणि शिवण त्यांनी घातली. जहाज पुन्हा गोदीत यायच्या आत काका गेले. साध्या तापाचं निमित्त झालं.

त्या खेपेला मावशीने सांगून टाकलं, "जेवणघर माझं. तिथे कुणी हात घालायचा नाही." आम्ही म्हटलं, दुःखात आहे, करू दे मनासारखं. तिने दार लोटून घेऊन एकटीने खुर्च्यांना निळं कापड चढवलं. त्यानंतरच्या खेपेला, तसंच एकटीने, गर्द लाल चढवलं. काम इतकं सफाईदार की शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्याच्या पुढच्या खेपेला जेवणघराच्या व्यवस्थापकाने आम्हा दोघींना बोलावलं. मृदू बोलणारा माणूस. त्याने एक खुर्ची टेबलाखाली सरकवायला घेतली, तर तिचे हात टेबलाच्या कडेला धडकून ती बाहेरच राहिली. दुसरीचंही तेच.

"मावशी, या खुर्च्यांनी बाळसं धरलंय," तो म्हणाला. "वाढप्यांना टेबलांमधून जाता येत नाही. शिवाय आगीची तपासणी करणारे आतलं सगळं उकलून बघणार आहेत. मूळ मापाला आणता आल्या तर आणा. नाहीतर भंगारात काढून कारखान्यातल्या नव्या घ्याव्या लागतील. जहाज पाण्यात उतरायच्या आत काय ते ठरवा."

माझं डोकं फिरलं. "आमच्याकडे लाकडापर्यंत उतरवतात, साहेब! तुमची टेबलंच बसली असतील!" असं म्हणून मी खुर्ची उलटी केली आणि पुरावा दाखवायला तिच्या पोटाचं कापड फाडलं. लालच्या खाली पातळ स्पंज निघाला, त्याखाली निळं कापड, पुन्हा स्पंज, आणि सगळ्यात खाली हिरवं. माझं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं असणार. तो भला माणूस निघून गेला.

"तू?" मी मावशीकडे वळले. "आम्हाला फाडून खातेस, आणि तू स्वतः?"

मावशी गुळगुळीत झालेल्या खुर्चीच्या पायाकडे बघत राहिली. "ह्यांची शिवण आहे ती. कशी उसवू? दर खेपेला कात्री लावायची, हात पुढे जायचा नाही. मग म्हणायची, या वेळी वरून चढवू, पुढच्या वेळी बघू."

माझा राग कुठच्या कुठे पळाला. मी म्हटलं, "मग जाऊ देत भंगारात. एक आपण दुकानात ठेवून घेऊ, हिरव्या कापडासकट."

"ठेवून काय तिची पूजा करू? ह्यांनी त्या लोकांना बसायला केल्या. माझ्यापायी भंगारात जायला नकोत." आणि तिने हात पुढे केला. "कात्री दे."

लाल गेलं, निळं गेलं. झाकून राहिल्यामुळे हिरवं कापड कालच चढवल्यासारखं ताजं होतं, आणि त्याच्या कडेने काकांचे टाके भलत्या कुशीवर झोपलेले. मावशीने त्यावरून बोट फिरवलं आणि कात्रीचं टोक आत घातलं. पहिली शिवण उसवल्यावर ती मोठ्याने रडली, पदर न लावता, सगळ्या वायरमन-नळवाल्यांसमोर. मग नाक पुसून आमच्यावर ओरडली, "बघताय काय? उतरवा लाकडापर्यंत!"

मुदतीच्या आत खुर्च्या मापाला आल्या. व्यवस्थापक स्वतः एकेक सरकवून बघत होता आणि प्रत्येक वेळी "गेली की आत!" म्हणत लहान मुलासारखा हसत होता.

शेवटच्या खुर्चीला मावशीने फारच वेळ लावला. घाई करायला गेले, तर सुई तिच्या डाव्या हातात होती. बोटांना टोचून टोचून रक्त आलेलं. टाके लहानमोठे पडले होते, पण कललेले होते काकांच्या बाजूला.

"वाकडे आलेत गं," मी म्हटलं.

"उसवत नाहीत ना?" ती म्हणाली.

मावशी गेल्यानंतर जहाज पुन्हा आलं. जेवणघर या वेळी माझ्या अंगावर होतं. ती खुर्ची ओळखायला मला वेळ लागला नाही. तिची पाठ मी मांडीवर घेऊन बसले, पण हात काही पुढे जाईना. वरून एक पातळ कापड चढवलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मावशीचीच कात्री हातात घेऊन तिचा कायदा कसा मोडणार? मी ते टाके उसवले. रडू फुटू नये म्हणून त्या दिवशी कारागिरांवर इतकी खेकसले, की कात्रीबरोबर संताप आल्याचं घरातलं ते बोलणं तेव्हापासून सुरू झालंय.