विकायला काढलेली गाडी

मी गाडी शिकले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. कोरेगावजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचे हे सैन्यातून सुभेदार म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. आल्या आल्या त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि पंधरा दिवसांतच मला म्हणाले, "चल, बस स्टेअरिंगवर. रोज वडापच्या जीपला लोंबकळत शाळेला जायचं बंद."

कोरेगावच्या मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत आमची परेड सुरू झाली. जवानांना शिकवावं तसं ते मला शिकवायचे. "क्लच! अगं, क्लच सोड की हळू!" त्या आवाजाला हमालसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी मी गाडी मधेच बंद केली, किल्ली यांच्या हातात दिली आणि चालत घरी आले. चौथ्या दिवशी हे तोंडात लवंग धरून शेजारी बसले. तासभर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मला गाडी आली.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी त्याच गाडीने शाळेला गेले. वाटेत आणखी तीन शिक्षिका चढायच्या. महिन्यातून एकदा तासगावला बहिणीकडे जायचे. बेदाण्याच्या हंगामात येताना मागच्या सीटवर खोकी असायची आणि गाडीला आठवडाभर गोडसर वास यायचा. एवढ्या वर्षांत एक-दोनदा पंक्चर झाली, एकदा बॅटरी गेली. बाकी तिने मला कधी रस्त्यात उभं केलं नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून मुलगा आला. म्हणाला, "आई, आता ही काढ. दिवाळीला तुला नवी घेतो, गिअर नसलेली." मायेने म्हणत होता. नाही म्हणायला मला कारणही सापडेना. साताऱ्याला शोरूममध्ये जाऊन नवी गाडी चालवून आलो. सीट गादीसारखी, समोर टीव्हीएवढा पडदा. पण जरा कडेला घेतली की ती वाजायची, कुणी आडवं आलं की वाजायची. शेजारी बसलेला विक्रेता म्हणाला, "मॅडम, काळजी घेतीय ती तुमची." घेऊया ना, असं मुलाने विचारलं तेव्हा मी बरं म्हटलं. त्याने त्याच संध्याकाळी जुन्या गाडीचे फोटो मोबाइलवर विकायला टाकले आणि तो पुण्याला गेला.

पुढच्या रविवारी वाईहून एक बाई आणि त्यांचा भाऊ आले. मुसलमान घरातल्या होत्या, चाळिशीच्या. शाळांचे गणवेश शिवायचा त्यांचा धंदा. भाऊ बॉनेट उघडून बघत होता आणि बाई दारावर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या.

"चालवणार कोण? भाऊ?" मी विचारलं.

"न्हाई, मीच. अजून येत न्हाई, पण शिकणार हाय. जूनमध्ये कापडाची गाठोडी घेऊन यष्टीत चढायचं म्हंजे रोज कंडक्टरशी भांडण. क्लासला गेले हुते, कच्चं लायसन बी काढलंय. पण तिथला शिकवणारा म्हणाला, आता या वयात कशाला?"

मला रागच आला. "बसा," म्हटलं, "आपण बघू."

त्यांना यार्डात घेऊन गेले. पाच वेळा गाडी बंद पडली. सहाव्यांदा हलली, आणि मग सरळ कांद्याच्या शेडपर्यंत गेली. बाई मोठ्याने हसल्या. घाम पुसत म्हणाल्या, "लय गुणाची हाय ओ गाडी. मलाच द्या."

आणि मला एकदम कळलं, की मला ही द्यायची नाही. नवीही नको होती. जी आहे तीच पुरेशी होती, आणि हे मुलाला सांगायचं धाडस न झाल्यामुळे मी या बाईंना वाईहून इथवर आणलं होतं.

"मी तुम्हाला शिकवते," मी म्हणाले, "पण गाडी मला देववत नाही."

घरी आल्यावर भाऊ चिडला. "मग फोटो कशाला टाकले?" त्याचं बरोबर होतं. मी माफी मागितली, चहा केला. बाईंचा चेहरा उतरलेला पाहून मला माझीच लाज वाटत होती. चपला घालताना त्या थांबल्या.

"शिकवते म्हणालात, ते तरी खरं न्हवं?"

"खरं."

"मग कवा येऊ?"

दोन महिने दर रविवारी त्या आल्या. हे मागच्या सीटवर बसायचे आणि दोघींच्या चुका मोजायचे. मुलाला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग आधीच बोलायचं ना!"

बाई लायसनच्या पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. जूनमध्ये एका सकाळी दारात हॉर्न वाजला. एक जुनी निळी व्हॅन उभी होती, आत छतापर्यंत गणवेशांची गाठोडी. "आवं बाई, वाईपासनं एकटी आले!" त्या खिडकीतून ओरडल्या. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाल्या, "रहिमतपूरच्या शाळेत माल द्यायचाय," आणि निघाल्याही.

मी आताही तासगावला जाते. पुसेसावळीच्या पुढे रस्ता मोकळा असतो, काचा खाली करते, साठच्या वर जात नाही. मागून येणारे हॉर्न देऊन पुढे जातात. त्यांना वाट देते. विट्याला थांबून चहा घेते आणि जेवायच्या वेळेला बहिणीच्या दारात पोचते.