गाण्यातलं नाव

केतकी माईकवर म्हणाली, "हे गाणं माझ्या पणजीचं, देवगडकडचं. आजीने मला दिलं." सगळा हॉल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीवर शेवंता बसली होती, तिनेही वाजवल्या. मी उठून हात जोडले. तिच्या देखत.

ते गाणं माझ्या आईचं नाही. माझी आई गात नव्हती. गाणं शेवंताचं आहे — तिने जुळवलेलं, तिच्या लेकीसाठी. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही. देवापुढे बसले तरी तेवढं सोडून बाकीचं बोलले. आता सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा सजवून सांगणं जमायचं नाही.

केतकी माझ्या सुधीरची मुलगी. तिचा चौघांचा बँड आहे. चारकोपला आमच्याच खोलीत त्यांची तालीम चालते, कारण खालचे भाडेकरू दिवसभर कामावर असतात. बँड म्हटलं की मला आधी लग्नाची वरात वाटली होती. तसं नाही. जुनी गाणी घेतात आणि गिटार-ड्रम लावून वाजवतात. ड्रमवाला ओंकार गणपतीच्या बेंजो पार्टीत शिकला. तो सुरू झाला की मांडणीवरची ताटंसुद्धा वाजतात. ग्लेन मालाडचा, चर्चमध्ये गिटार वाजवून हात बसलेला. पोहे दोनदा घेतो, म्हणून मला आवडतो. ढोलकीवर निखिल. तो शेवंताचा नातू. त्याच्या आजोबांची गायन पार्टी होती, चौदा एप्रिलला रात्रभर भीमगीतं गायची. बोटं आजोबांची घेतली पोराने. आमची केतकी बोरिवलीला क्लासला जायची. सर ओरडले म्हणून सोडला, आता मनाला येईल तसं गाते. बरं गाते.

त्यांनी ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या घरचं एक गाणं आणायचं. घरात जे गायलं गेलं तेच, मोबाइलवर ऐकलेलं नाही. ग्लेनने आजीचं लग्नातलं आणलं, ओंकारने बापाचं भजन, निखिलने आजोबांचं. केतकी राहिली. ओंकार तिला चिडवायचा, "हिच्या घरी फक्त कुकरची शिट्टी वाजते." ती हसायची. पण एकदा भांडी लावताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, आपल्याकडे खरंच कुणी गायचं नाही का गं?"

मी तिला ते गाणं म्हणून दाखवलं. मोबाइलमध्ये घेतलं तिने. मग विचारलं, "कुणाचं गं?"

"माझ्या आईचं," मी म्हटलं. जराही अडखळले नाही. कशी अडखळणार — हेच उत्तर मी आधी एकदा दिलेलं होतं.

तेव्हा आम्ही अंधेरीला मरोळच्या डोंगरावर चाळीत राहायचो. माझा नवरा आणि शेवंताचा नवरा एकाच कारखान्यात. आमच्या खोल्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत. तिची मंगल आणि माझा सुधीर दोन महिन्यांच्या अंतराने झालेले. शेवंता जालन्याकडची. तिथे बायका दळताना ओव्या म्हणायच्या, तशी तिला सवय. इथे जातं नव्हतं, तर ती झोळीच्या दोरीवर जुळवायची. मंगलला झोपवताना गायची, आणि पत्र्याच्या अलीकडे माझा पोरगाही झोपायचा. मी त्याला कधी गाऊन झोपवलंच नाही. गरजच पडली नाही.

लिंबाच्या सावलीला झोका बांधिला गं बाई,
मंगल माझी झोपली, वाऱ्या, वाजू नको काही.

मग चाळीत गोवर आला. आधी मंगलला, मग सुधीरला. आम्ही दोघी एकाच झाडाचा कडुलिंबाचा पाला आणायचो, अर्धा अर्धा. मंगलच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. शेवंताचं गाणं बंद झालं.

सुधीर तापात होता, झोपेना. भिंतीकडे बघून रडायचा. मला कळलं त्याला काय हवंय. मी काय करायला हवं होतं? थोपटायचं होतं, नुसतं हुं हुं करायचं होतं. मी ते गाणं म्हटलं. आणि मंगलच्या जागी सुधीरचं नाव घातलं. ओवीत बायका असं करतात, ज्याची त्याची पोरं घालतात — हे मला माहीत होतं. पण पत्र्यापलीकडे कोण आहे हेही माहीत होतं ना? गेलेल्या पोरीचं अंथरूण अजून तिथेच होतं. मी एकदा नाही म्हटलं. रोज म्हटलं. तो बरा झाला तरी म्हटलं.

सासूने विचारलं, "खयचा गो ह्या गाणा?" शेवंताचा कप आमच्याकडे वेगळा ठेवलेला असायचा, मोरीच्या कट्ट्यावर. तिच्या गाण्यावर नातू वाढतोय हे सासूला चाललं नसतं. मी म्हटलं, "आयेचा." शेवंता तेव्हा दारात होती, पाणी आलं म्हणून सांगायला. तिने ऐकलं. "पाणी आलंय," एवढंच म्हणाली आणि कळशी घेऊन गेली.

तेव्हा सासू होती. केतकीने विचारलं तेव्हा कोण होतं? कुणी नव्हतं. नात होती आणि मी होते.

पुढे दोघींना चारकोपला खोल्या मिळाल्या, एक गल्ली सोडून. भाजी बरोबर आणतो, गुडघे बरोबर दुखतात. ती मला अजून पारू म्हणते. त्या गाण्याचं नाव तिने कधी काढलं नाही, मीही नाही. तालमीच्या वेळी एकदा ग्लेनने निखिलला विचारलं, "सगळं आजोबांचंच? आजीचं काय नाही?"

निखिल म्हणाला, "आमची आजी गात नाही रे. आवडतच नाही तिला."

मी तिथे चहा गाळत होते. गाळत राहिले.

आणि निखिल त्याच गाण्यावर ढोलकी वाजवतो. त्याच्या आजीच्या गाण्यावर. किती हलक्या हाताने वाजवतो. त्याला कुणी सांगितलं नाही, तरी झोळी हलते तसा ठेका धरतो.

कार्यक्रम संपल्यावर रिक्षात शेवंता माझ्या बाजूला बसली. मला वाटलं, आता बोलेल. बोल म्हणावं, शिव्या दे. महावीरनगरच्या सिग्नलला ती म्हणाली, "पारू, तुझी नात ग्वाड गाती. फकस्त वाऱ्याला जोरात बोलती. तिथं हळू म्हनायचं असतंय, सांग तिला. न्हाईतर पोर जागी व्हईल."

मी हो म्हटलं. पण केतकीला सांगितलं नाही. ती विचारेल ना — शेवंताआजीला कसं गं माहीत?

आणखी चार ठिकाणी त्यांचा कार्यक्रम झाला. चारही ठिकाणी केतकीने माझ्या आईचं नाव घेतलं, गाण्यात सुधीरचं घेतलं, आणि वाऱ्याला जोरात हाक मारली.

ते गाणं शेवंताचं आहे. त्यात झोपलेली पोर मंगल आहे. "वाऱ्या" तिथे हळू म्हणायचं. दोघांना एकाच साथीत गोवर आला होता. मंगल गेली. माझा सुधीर वाचला.