पंचाक्षरी मास्तरची साक्ष

पंचाक्षरी मास्तर माझा जिवलग, आणि त्या दिवसाची आठवण झाली की मला अजून स्वतःचा राग येतो. साल एकोणीसशे एकतीस. सोलापुरातल्या एका मिशन शाळेत आम्ही दोघे शिकवायचो. तो जन्माने लिंगायत, बाप्तिस्मा घेऊन नऊ वर्षं झालेली. आई शांतम्मा मात्र आपला धर्म न सोडता त्याच्याच खोलीत राहायची. खोली मिशनची. पाळक अण्णारावांनी त्याला बजावलं, आईच्या गळ्यातलं लिंग तरी या घरातून जाईल, नाहीतर मास्तर जातील.

म्हातारी तापात झोपलेली असताना या शहाण्याने ते लिंग काढलं आणि पाळकांच्या हवाली केलं. त्याला वाटलं, रडेल, भांडेल आणि निवळेल. लिंगायताच्या घरात वाढलेल्या माणसाने असं समजावं, याला काय म्हणायचं? तिने पाण्याचा तांब्या दूर सारला. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही हा जन्माचा नेम तिने तापातही पाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची जीभ टाळूला चिकटली, आणि तेव्हाच चर्चच्या पंचांची बैठक भरली. मीही एक पंच.

टेबलावर लिंगाची चांदीची डबी होती. पंचाक्षरीने ती परत मागितली. अण्णारावांनी त्यानेच आणलेलं बायबल त्याच्यापुढे सरकवलं.

“आधी सांगा मास्तर, यातलं अक्षर न् अक्षर देवाचं सत्य आहे, हे मानता?”

“मानत आलोय. पण मूर्ती नको असं ते सांगतं, आणि आईचा मान ठेव असंही सांगतं. आज दोन्ही पाळता येत नाहीत. कुठलं मोडू?”

“देवाच्या सत्यात निवडानिवड नसते. होय की नाही?”

“ती मरेल, पाळकसाहेब.”

“होय की नाही?”

अण्णाराव दुष्ट नव्हते. त्यांना त्याच्या आत्म्याची खरीच काळजी होती, म्हणून तर ते हटेनात. पंचाक्षरीने माझ्याकडे पाहिलं. मी दौतीकडे पाहत बसलो. नोकरी मलाही होती.

“मग नाही,” तो म्हणाला आणि डबी उचलून निघाला.

मी शरमून त्याच्या मागोमाग गेलो. त्याने आईला बसतं केलं. डाव्या तळहातावर लिंग घेऊन तिने पूजा केली आणि तांब्याभर पाणी प्याली. मग तिने लेकाचे रिकामे हात पाहिले.

“तुजं पुस्तक कुटं हाय?”

“ठेवून आलो.”

“ते वाचल्याबिगर तू कवा जेवलास का? जा, घिऊन ये. तवर मी बी जेवत न्हाय.”