टाचेखालचं बटण

अर्धांगाच्या झटक्यातून उठून मी जवळा बाजारच्या बैलबाजारात गेलो, तेव्हा धाकटा भाऊ चारचौघांत म्हणाला, "पाय ओढणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक कुठून आणावं?" माणसं हसली. त्याला बैलाचे दात बघायला, दलाली करायला मीच शिकवलं होतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. बायको गेल्यापासून घरात माझ्या रागाला उत्तर देणारंही कुणी नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली दोन पट्ट्या चिकटवून विजेचं छोटं मशीन दिलं. त्याचं वायरीला जोडलेलं बटण बुटात, टाचेखाली. टाच उचलली की पायात झिणझिणी येते आणि लोंबणारा पंजा वर होतो; टाच टेकली, किंवा थोडा वेळ गेला, की थांबते. "काका, तुम्ही ओढू नका, त्याला उचलू द्या," त्या सांगायच्या. मी ओढायचोच. मग पाय लाकडासारखा ताठ.

शेवटी मी नागनाथाशीच सौदा केला. कुणाच्या खांद्याला हात न लावता तुझ्या दारी येतो, तू मला पुन्हा बाजारात उभं कर. एकटाच, काठी टेकत, एसटीनं औंढ्याला गेलो. देवळापाशी बूट काढला आणि कपाळावर हात मारला. बटण बुटात! जन्मभर इथं अनवाणी आलेला माणूस मी, पण हे सुचलं नाही. तसंच पाऊल टाकलं. पंजा फरशीला घासला, तोल गेला, भिंत धरली. देवाला शिवी हासडली, खोटं कशाला लिहू.

"काहून ओरडून राहिले, दादा?" मागून एक म्हातारा आला. डोक्याला पांढरं मुंडासं, कुठल्याशा तांड्यावरचा असावा. मी रागारागानं सगळं सांगितलं. त्यानं बुटातलं बटण काढून चिमटीत दाबलं, सोडलं. माझा पंजा उचलला गेला. म्हातारा खुदकन हसला. "बराबर. चाला तुमी, मी मागून दाबतो."

"घेणार काय ते आधी बोला."

"बैल भाव इचारून चालतो व्हय?"

पहिल्या पावलांना मी सवयीनं ओढलं. "तुमीच ओढून राहिले, मंग मी काय करू? सोडा की माझ्यावर." वायर आखूड, म्हणून तो वाकून माझ्या पायाशी चालत होता. बाजारात रुमालाखाली बोटं धरून, बोटांनीच भाव ठरवत मी कितीक सौदे केले, पण समोरच्याची नजर सोडली नाही. इथं मागं वळूनही बघता येत नव्हतं. सोडून दिलं. पाय हलका उचलला जाऊ लागला, कुणाच्या तरी अंगठ्यावर.

गाभारा खाली आहे. उतरणं जमणार नव्हतं. वरूनच हात जोडले. डोळे भरून आले आणि मागायचं राहूनच गेलं.

परत आल्यावर त्यानं बटण बुटात बसवलं, बूट माझ्या पायात चढवून नाडी बांधली. मी काठी सावरून मान वर केली तोवर तो गर्दीत मिसळला होता. नावही विचारलं नाही.

बाजारात मी अजून उभा राहिलेलो नाही. भावाचा शब्द अजून सलतो, घर तसंच रिकामं आहे. पण आता टाच उचलताना मी ओढत नाही. नागनाथा, तू पुढं उभा आहेस म्हणून मी तुझ्याशी घासाघीस करायला आलो होतो. तू मागून चालत होतास.